गच्चीचं काम कोणाला?

रविवार, रात्री

सोसायटीची सभा संपून दोन तास झाले तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम अखेर एका कंत्राटदाराला दिलं. गेले तीन महिने या एका कामापायी जिन्यात समोरासमोर आलेली माणसं नजर चुकवत होती.

भांडण सुरू झालं ते नात्यावरून. आलेल्या तीन कोटेशनांपैकी सगळ्यात कमी दराचं कोटेशन सेक्रेटरींच्या मेहुण्याचं होतं, आणि ते त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि एका रात्रीत सत्तर-ऐंशी मेसेज झाले. सेक्रेटरींचं म्हणणं, "दर सगळ्यात कमी आहे ना, मग अडचण काय?" चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अडचण हीच, की तुम्ही लपवलंत." त्या रात्री मला दोघांचंही पटत होतं, आणि म्हणूनच जास्त त्रास होत होता. नातं लपवायला नकोच होतं. पण लपवलं म्हणजे पैसे खाल्ले, असंही होत नाही. ग्रुपवर मात्र या दोन्ही गोष्टींचा एकच आरोप झाला होता.

मग एका संध्याकाळी मी तिन्ही कोटेशनं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर दिले होते! एकाने कोबा, म्हणजे स्लॅबवरचा जुना थर, पूर्ण उखडून स्लॅबपासून काम धरलं होतं. दुसऱ्याने जुन्या थरावरच नवा थर चढवायचा धरला होता. तिसऱ्याने कठड्याची आतली बाजू मोजलीच नव्हती. मेहुण्याचा दर कमी होता, कारण त्याच्या कागदात उखडण्याचं काम नव्हतं. त्यात त्याची लबाडी नव्हती. "गच्ची गळते, दर द्या," यापलीकडे आम्ही कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

आणि हा फरक कागदापुरता नाही. जुन्यावर नवा थर दिला की स्लॅबवर वजन वाढतं, आणि खाली मुरलेलं पाणी आतच कोंडतं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीत मी वर बघत उभी राहिले होते. छताचे पोपडे सुटलेले, एका जागी हातभर सळी उघडी पडलेली, लालसर तपकिरी. लोखंड गंजलं की मूळच्या कितीतरी पट जागा घेतं आणि आतून काँक्रीटला ढकलतं, त्यानेच हे तुकडे पडतात. आजी पलंग सरकवून भिंतीला टेकवून झोपतात. शिवाय डाग जिथे दिसतो त्याच्या बरोब्बर वर भेग असतेच असं नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत भलतीकडे उतरतं. डागावर ठिगळ लावणारा कंत्राटदार कितीही स्वस्त असला तरी पुढच्या पावसात आजींचा पलंग पुन्हा सरकणार.

म्हणून मी कमिटीत हट्ट धरला की ही तिन्ही कोटेशनं बाजूला ठेवा. तिघांशीही संबंध नसलेला एक इंजिनिअर नेमा आणि त्याची फी आधीच ठरवा. कामाच्या रकमेवर टक्केवारी नको, नाहीतर काम वाढण्यातच त्याचा फायदा. यावर पुष्कळ कुरकुर झाली. "आणखी खर्च, आणखी उशीर." उशीर झाला, हे खरंच आहे. पण इंजिनिअरने कामाचा तक्ता करून दिला: काय उखडायचं, किती चौरस फूट, उतार कुठे, कठड्याच्या कोपऱ्यात गोलावा किती, शेवटी गच्चीत पाणी कोंडून ४८ तास ठेवायचं आणि खालचं छत कोरडं राहतंय का बघायचं. तोच तक्ता सगळ्यांना दिला. सगळ्यांना एकाच दिवशी गच्ची दाखवली. एकाने विचारलेल्या शंकेचं उत्तर लेखी सगळ्यांना पाठवलं. निवड कशावर करायची तेही नव्या दरांची पाकिटं उघडण्याआधीच लिहून ठेवलं, कारण दर दिसल्यानंतर केलेले नियम माणसं बघून होतात.

सेक्रेटरींनी नातं लेखी दिलं, पत्रव्यवहार माझ्याकडे सोपवला आणि निवडीच्या वेळी ते बाहेर जाऊन बसले. त्यांच्यासाठी हे सोपं नव्हतं, हे मला नोंदवायचं आहे.

आज पाकिटं सर्वांसमोर उघडली. आणि पुन्हा मेहुण्याचाच दर सगळ्यात कमी. थोड्याच फरकाने, पण कमी.

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. त्याची दोन जुनी कामं आम्ही चौघांनी जाऊन पाहिली होती, एकावरून दोन पावसाळे गेलेले, खालचं छत कोरडं. ठरवलेल्या नियमांनी काम त्यालाच जात होतं. मी हात वर केला. बहुमत झालं. अटी घातल्या: मोजमाप इंजिनिअरचं, बिलावर सही सेक्रेटरींची नाही, प्रत्येक बिलातले दहा टक्के राखून ठेवायचे आणि एक पावसाळा निभावल्यावरच द्यायचे.

काकांनी विरोधात मत दिलं. मला त्यांचा राग आला नाही. उद्या काम बिघडलं तर मेहुण्याला जाब विचारताना सेक्रेटरींच्या घरात काय होईल, हा त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि आमच्या कुठल्याच अटीत त्याचं उत्तर नाही. मी म्हटलं, तुमचा विरोध इतिवृत्तात तुमच्याच शब्दांत घेते. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मग वाचून दाखवलं: "या नेमणुकीत गैरव्यवहार असल्याने माझा विरोध आहे."

काका थांबले. चष्मा काढून पुसला. "गैरव्यवहार नको," म्हणाले. "ते आज मला दिसलं नाही. नातं लिही. नात्यातल्या माणसाला काम दिल्याने माझा विरोध आहे, असं."

मी तो शब्द खोडून 'नातं' लिहिलं आणि वाक्य नीट केलं. खोडलेल्या जागी त्यांनी सही केली, सेक्रेटरींना आत बोलावलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.