कोऱ्या भिंतीतला '१' अखेर गेला (आणि काउंटरला नवं काम मिळालं)

मंडळी, चित्रातल्या खोट्या उभ्या रेघा गेल्या! आपण बनवत असलेल्या कॅमेरा-चिपमधल्या १६×१६ पिक्सेलच्या अॅरेला सपाट करडं चित्र (कोरी भिंत) दाखवलं की अंक ओळखणारं न्यूरल नेटवर्क छातीठोकपणे '१' सांगायचं, ते आता बंद झालंय. अर्थात सिम्युलेशनमध्ये. सिलिकॉन, म्हणजे खरी चिप, अजून लांब आहे.

रचना तीच आहे: स्काय१३० (१३० नॅनोमीटरची खुली चिप-प्रक्रिया), थ्री-टी (तीन ट्रान्झिस्टरांचा) पिक्सेल, प्रकाश टिपायला एन-वेल डायोड, सिंगल-स्लोप एडीसी (चढत्या व्होल्टेजशी तुलना करत पिक्सेलचा आकडा मोजणारा), दर कॉलमला एक कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारा) आणि एक अप-डाउन काउंटर. नेटवर्कची वजनं फक्त +१, ०, −१. +१ ला काउंटर वर मोजतो, −१ ला खाली, आणि ० असेल तर ते रूपांतर गाळायचं. गुणाकार कुठेच नाही. शेवटी बेरीज ऋण असली की काउंटर साफ, झाला रेलू (ऋणाचं शून्य करणारी नेटवर्कची पायरी). सोनीनं २०२० मध्ये आयएमएक्स५०० जाहीर केला, त्यात पिक्सेलच्या चिपखाली लॉजिकची वेगळी चिप आहे. आपल्याला सगळं एकाच थरात मावायला हवं, म्हणून ही काटकसर.

आता रेघा. आडव्या कडा शोधणारा कर्नल (३×३ वजनांचा चौकोन) पहिल्यापासून लख्ख चालत होता. उभ्या कडांच्या कर्नलमध्येच भुतं दिसायची, आणि ती फ्रेमगणिक त्याच जागी. नॉइज असा एका जागी ठाण मांडून बसत नाही. मॉन्टे कार्लोत (घडणीतले फरक यादृच्छिक धरून केलेल्या सिम्युलेशनमध्ये) कम्पॅरेटरच्या ऑफसेटचा, म्हणजे त्याच्या कायमच्या चुकीचा, सिग्मा ५ मिलिव्होल्टच्या आसपास येतोय. आडव्या कडांच्या कर्नलमध्ये वरची ओळ + आणि खालची −, पण दोन्ही वेळा कॉलम तेच, म्हणजे कम्पॅरेटरही तेच. ऑफसेट आपोआप कटतो. उभ्या कडांना डावा कॉलम + आणि उजवा −. इथे दोन वेगळ्या कम्पॅरेटरांचे ऑफसेट एकमेकांतून वजा होतात, वर तीन ओळींमुळे तिप्पट होतात. ५ × √२ × ३, म्हणजे साधारण २१ मिलिव्होल्ट. एक व्होल्टच्या रेंजवर ८ बिटांचा एलएसबी (सर्वांत लहान पायरी) ३.९ मिलिव्होल्टचा, तेव्हा पाच एलएसबींची खोटी कड, कॉलमभर उभी. नेटवर्कला तो '१' वाटला यात त्याचं काय चुकलं?

ऑटो-झिरो (ऑफसेट कपॅसिटरवर साठवून वजा करणं) करून पाहिलं. कपॅसिटर आणि स्विच बसवायला कॉलमची रुंदी पुरत नाही, आणि स्विचचं चार्ज इंजेक्शन (बंद होताना सांडणारा चार्ज) स्वतःचाच ऑफसेट घेऊन येतं. कम्पॅरेटरचे इनपुट ट्रान्झिस्टर चौपट क्षेत्रफळाचे केले तर सिग्मा निम्मा होतो, पण तेवढी जागा आहे कुणाकडे?

सुटलं ते मक्सची (अनेकांतून एक सिग्नल निवडणाऱ्या स्विचची) जागा बदलल्यावर. आतापर्यंत शेजाऱ्याची माहिती कम्पॅरेटरनंतर, डिजिटल बाजूला आणत होतो. आता मक्स कम्पॅरेटरच्या आधी आहे: कॉलमचा कम्पॅरेटर आधी डावी बस (कॉलमची सामाईक तार) वाचतो, मग स्वतःची, मग उजवी. नऊच्या नऊ पिक्सेल एकाच कम्पॅरेटरमधून जातात, त्यामुळे एकूण ऑफसेट = ऑफसेट × वजनांची बेरीज. बेरीज शून्य, तर ऑफसेटही शून्य! प्रत्येक फेरीत एका बसवर एकच कम्पॅरेटर असतो, म्हणून लोडही वाढत नाही. सोर्स फॉलोअरचा (पिक्सेलचं व्होल्टेज बसवर पोचवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) बायस करंट बसवरच आहे, तेव्हा स्विचमधून डीसी करंट जात नाही. सेटलिंगला थोडा वेळ जास्त लागतो, तो मी आनंदानं देतो.

अट एकच, कर्नल शून्य-बेरजेचा हवा. ३×३ चे त्रिमूल्य कर्नल एकूण १९६८३, त्यातले ३१३९ शून्य-बेरजेचे. ट्रेनिंगमध्ये ही अट घातली तरी निवडायला भरपूर उरतात.

लेआउटमध्ये छोटा विजय: डायोडवर आता फिल-ब्लॉक लेयर आहे, नाहीतर ऑटोमॅटिक मेटल फिल (मोकळ्या जागी आपोआप भरलं जाणारं धातूचं भरण) डायोडांवर चढून प्रकाशच अडवायचं. मॅजिक या लेआउट सॉफ्टवेअरचे शॉर्टकट कुणी शुद्धीत असताना ठरवलेत असं मला अजूनही वाटत नाही, पण हात बसला की त्याच्याइतकं चपळ दुसरं काही नाही. टेस्ट बोर्डाच्या एम१२ लेन्ससाठी मात्र लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानानं आयआर-कट (इन्फ्रारेड अडवणारी) सांगून बिनफिल्टरची लेन्स गळ्यात मारली. एन-वेलचं जंक्शन खोल, त्याला आयआर चांगलंच दिसतं. फिल्टर वेगळा घ्यावा लागणार.

आता उरली पिक्सेलची स्वतःची खरखर: सोर्स फॉलोअरांचा मिसमॅच. हा पिक्सेलगणिक वेगळा, तेव्हा कर्नलच्या बेरजेत कटत नाही. डबल सॅम्पलिंग (सिग्नल आणि रिसेट दोन्ही वाचून वजा करणं) नको म्हणत होतो ते केटीसीच्या (रिसेटच्या वेळी कपॅसिटरवर अडकणाऱ्या उष्णतेच्या नॉइजच्या) धास्तीनं. थ्री-टीमध्ये रिसेटची पातळी सिग्नलनंतर वाचावी लागते, त्यामुळे केटीसी √२ पट होतो. पण हिशेब मांडा: १० फेम्टोफॅरॅडला ०.६४ मिलिव्होल्ट, √२ पट केला तरी ०.९. एलएसबीच्या पाव भागाइतकाही नाही! खरी अडचण वेळेची आहे, रूपांतरं सरळ दुप्पट होतात.

आणि हे टाइप करतानाच सुचलं: काउंटर शून्यापासूनच का सुरू करायचा? अंधारात एकदा प्रत्येक आउटपुटची चूक मोजायची आणि काउंटरमध्ये तिची उलटी संख्या आधीच भरायची. १४ काउंटर (३×३ च्या कर्नलला कडेचे दोन कॉलम सुटतात) × ११ बिट = ओळीला १५४ बिट. १० मेगाहर्ट्झला १५.४ मायक्रोसेकंद, तर कडेच्या कर्नलमधल्या सहा अशून्य वजनांच्या रूपांतरांना (प्रत्येकी २५६ ठोके) १५३.६. म्हणजे दहा टक्के जादा, दुप्पट नाही. शिवाय नेटवर्कचा बायसही (प्रत्येक बेरजेत मिळवायचा स्थिर आकडा) त्याच आकड्यात मिसळता येईल, फुकटात.

तेव्हा डबल सॅम्पलिंगचं स्केमॅटिक बाजूला ठेवतोय. आधी काउंटरला शिफ्ट चेन (आकडे एकेक बिट सरकवत भरायची साखळी) जोडून बघतो. तापमान बदललं की अंधारातले हे आकडे किती सरकतात याचा अनुभव कुणाला असेल तर शिफ्ट चेन पक्की करण्याआधी सांगा.