तुम्ही विचारलंत म्हणून: उबंटूला प्रोजेक्टर का सापडत नाही

लॅपटॉपवर विंडोज, त्यात व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. आता हे उबंटू भिंतीवर कसं न्यायचं? नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजात लिनक्स शिकवायला गेलो की चहाच्या वेळी कोणीतरी नवे प्राध्यापक हे विचारतातच. तक्रारही ठरलेली: "सर, उबंटूच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडून पाहिला, पण प्रोजेक्टर तिथे दिसूनच नाही राहिला."

दिसणारच नाही. उबंटूच्या हाती खरं ग्राफिक्स कार्ड नसतंच. व्हर्च्युअलबॉक्स त्याला एक नकली कार्ड आणि एक नकली मॉनिटर देतो. उबंटू त्यावर चित्र काढतं आणि ते विंडोजच्या एका चौकटीत उमटतं. एचडीएमआयचं पोर्ट मात्र विंडोजच्या ताब्यात. भाडेकरूने आपल्या खोलीत विजेचं मीटर शोधावं तसं हे. मीटर खाली घरमालकाच्या जिन्यात लागलंय. म्हणून प्रोजेक्टरचं जे काय करायचं ते विंडोजमध्ये करा. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, डुप्लिकेट निवडा, म्हणजे लॅपटॉपवर जे तेच भिंतीवर. उबंटूला पत्ताही लागत नाही.

एक गोम आहे. उबंटू फुल स्क्रीन असताना कीबोर्डही त्याच्याच हातात गेलेला असतो. तुम्ही दाबलेलं विंडोज-पी मग उबंटूकडेच जातं आणि भिंतीवर ढिम्म काही होत नाही. आधी उजवीकडचं कंट्रोल (व्हर्च्युअलबॉक्स याला होस्ट बटण म्हणतो) एकदा दाबून सोडायचं, म्हणजे कीबोर्ड विंडोजकडे परत येतो. हल्ली बऱ्याच लॅपटॉपना उजवं कंट्रोल नसतंच. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये, इनपुटखाली, दुसरं बटण नेमून ठेवा. वर्गात नाही, घरीच.

डुप्लिकेट का, एक्स्टेंड (भिंतीवर वेगळा, जादाचा पडदा) का नको, हेही विचारतात. स्लाइड दाखवायच्या असतील तर एक्स्टेंड उत्तम, टिपणं आपल्यापुरती राहतात. पण टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, टाइप करून दाखवायचं असेल तर उबंटू भिंतीवर आणि तुम्ही वर्गाकडे पाठ करून मान वाकडी, असं होतं. डुप्लिकेटमध्ये पोरांना जे दिसतं तेच तुमच्या समोर असतं. कोण समजलंय आणि कोण नुसतं मान हलवतंय, हे त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळतं.

खरी डोकेदुखी रिझोल्यूशनची, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या मापाची. लॅपटॉप १९२० बाय १०८० चा आणि कॉलेजचा जुना प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा, ही जोडी नेहमीची. डुप्लिकेट केलं की विंडोज बहुतेक वेळा दोघांनाही झेपेल त्या मापावर खाली येतं. उबंटूमध्ये गेस्ट ॲडिशन्स (आतल्या उबंटूत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचंच जोडसॉफ्टवेअर) टाकलेले असतील तर तेही मुकाट्याने आकसतं. नसतील तर ते आपल्या १२८० बाय ८०० वर अडून बसतं, चौकटीला स्क्रोलबार येतात आणि टर्मिनलची खालची ओळ, म्हणजे तुम्ही टाइप करताय नेमकी तीच, भिंतीवरून गायब. मागच्या बाकावरून "सर, खालचं दिसून नाही राहिलं" आलं की समजायचं. तात्पुरती सोय म्हणून होस्ट बटण आणि सी दाबा: पूर्ण पडदा चौकटीत मावतो, अक्षरं मात्र बारीक आणि धूसर होतात. या मोडमध्ये मेनू लपतो, घाबरू नका. तीच बटणं पुन्हा दाबली की परत येतो.

म्हणून माझा क्रम असा: आधी वायर, मग डुप्लिकेट, मग विंडोजचं रिझोल्यूशन हाताने पक्कं करणं, आणि शेवटी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समधलं उबंटू, सुरू. टर्मिनलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकचं चिन्ह दाबत राहा. तुम्हाला अक्षरं ओंगळ मोठी वाटायला लागली की शेवटच्या बाकाला ती बेताची दिसतात.

आता आपल्या गावाचं. एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय वर्ग भरत नाही. कूलर खिडकीत, आणि त्याची हवा खेळायला समोरचं दार उघडं लागतं. म्हणजे खोलीत अंधार होणं विसरा. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जिथे काळं हवं तिथे तो नुसता उजेड कमी टाकतो आणि भिंत आपल्या रंगाची दिसते. काळ्या टर्मिनलवरची हिरवी अक्षरं सिनेमात शोभतात, नागपूरच्या दुपारी ती राखेत मिसळतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं ठेवा. पोरं म्हणतील सर जुन्या जमान्याचे आहेत, म्हणू द्या.

वायरीबद्दल थोडक्यात. प्रोजेक्टरला नुसतं जुनं व्हीजीए पोर्ट असेल तर बर्डीवरून (नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ) एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप असलेलाच, साधी वायर चालत नाही. टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर पडत नाही, काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात.

वायरलेसही होतं, विंडोज आणि के दाबून, समोर मिराकास्टवालं (वायरशिवाय पडदा पकडणारं) यंत्र असेल तर. पण त्यात टाइप केलेलं अक्षर भिंतीवर किंचित उशिरा उमटतं. व्हिडिओ दाखवताना ते खपून जातं. कमांड शिकवताना पोरं भिंतीकडे पाहत असतात आणि तुम्ही पुढच्या ओळीवर पोचलेले असता. बॅगेत पाच मीटरची एचडीएमआय वायर टाकून न्या.