तुम्ही विचारलंत म्हणून: औषध ठेवायचं कुठे?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदाही तोच प्रश्न आला. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी मी ड्रेसिंगची पिशवी घेऊन पुलाखाली राहणाऱ्या बेघर माणसांकडे जाते, हे आता आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी वाण हातात देता देता विचारलं, "सिस्टर, पालिकेचा दवाखाना फुकट, गोळ्या फुकट, टीबीचं औषध तर सरकार देतंच. मग ही माणसं तिथं जात का नाहीत हो?" वहिनींनी मनापासून विचारलं होतं. जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

वहिनी, जातात हो ती माणसं. मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात मी 31 वर्षं वॉर्डात काम केलं, आणि फुटपाथवरची माणसं आली नाहीत असा एकही आठवडा मला आठवत नाही. केसपेपर काढतात, रांगेत बसतात, रक्त देतात. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. भंगार वेचणाऱ्याचे त्यात दोन खाडे होतात आणि खाडा झाला की त्या दिवशीचं जेवण गेलं. तरी येतात. अडचण सुरू होते ती ते औषध घेऊन दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडतात तेव्हा.

डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलेलं असतं, आठवून बघा. आराम करा. जखम कोरडी ठेवा. गोळ्या जेवणानंतर घ्या. भरपूर पाणी प्या. इन्सुलिन थंड जागी ठेवा. ही वाक्यं मी स्वतः हजारो वेळा लिहिली आहेत, आणि पत्त्याच्या रकान्यात ज्यांच्या नावापुढे 'फुटपाथ' असं लिहिलेलं होतं त्यांच्याही कार्डावर लिहिली आहेत. त्यातल्या प्रत्येक वाक्याला एक घर लागतं, हे माझ्या ध्यानात नोकरीत असताना आलं नाही. याची मला खंत आहे.

आणखी एक खंत आहे. पेशंट रात्रीतून निघून गेला की आमच्या रजिस्टरमध्ये 'पळून गेला' अशी नोंद व्हायची. पायात पू झालेला, सलाइन चालू असलेला माणूस पहाटे खाटेवर नसायचा. आम्ही म्हणायचो, दारूसाठी गेला असेल. काही जण जातही असतील. पण आता पुलाखाली तीच माणसं भेटतात आणि सांगतात, "बोचकं कोणाच्या भरवशावर ठेवू?" त्या बोचक्यात पांघरूण असतं, भांडं असतं, कोणाचं आधारकार्ड, कोणाच्या मेलेल्या बायकोचा फोटो. ते सोडून आठ दिवस वॉर्डात पडून राहायचं म्हणजे परत आल्यावर बोचकंही नाही आणि झोपायची जागाही नाही. जागेवर तोवर दुसऱ्या कोणी पथारी टाकलेली असते.

बोचकं सांभाळूनही नेहमी टिकत नाही. अधूनमधून पालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी येते आणि सामान उचलून नेते. एका टीबीच्या पेशंटचा एक्स-रे, केसपेपर आणि महिन्याच्या गोळ्या अशा गाडीत गेल्या. दुधाच्या पिशवीत नीट गुंडाळून, उशाखाली ठेवल्या होत्या त्याने.

टीबीचं थोडं सांगते, कारण सोसायटीत जास्त धास्ती त्याचीच आहे. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, रोजच्या गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी लालसर-नारिंगी होते, मळमळतं, आणि मग अंगात औषध लागू पडलं की भूक सपाटून लागते. त्या भुकेला घालायला काही नसलं तर माणूस गोळ्याच बंद करतो. "गोळी घेतली की पोटात आग होते, सिस्टर, आणि आग झाली की काय खाऊ?" हे मी कितीदा ऐकलंय. या आजाराला खाणं हवं म्हणून सरकारची निक्षय पोषण योजना आहे. 2018 पासून महिन्याला 500 रुपये मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. योजना चांगलीच आहे. पण पैसे थेट बँकेच्या खात्यात येतात आणि फुटपाथवरच्या पुष्कळ जणांना खातंच नसतं. खातं काढायला कागद लागतात आणि कागद गाडीत गेलेले असतात. मधेच औषध सुटलं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग साध्या गोळ्यांनी भागत नाही.

आणि वहिनी, तुम्ही त्या दिवशी हळूच म्हणालात की पुलाखालून जाताना नाकाला पदर लावता. नका लावू. टीबी पसरतो तो बंद, कोंदट, गर्दीच्या खोलीत, तासन्‌तास एकत्र राहिल्याने. वाऱ्यावर बसलेल्या माणसाजवळून दोन मिनिटं चालत गेल्याने होण्याची भीती फार थोडी आहे.

साखरेच्या पेशंटचं वेगळं. पुलाखाली एक मामा आहेत, हातगाडी ओढायचे, आता ओढवत नाही. पायाच्या तळव्याला रुपयाएवढी जखम आहे, वर्ष झालं. ड्रेसिंग करायला मी खाली बसते, तेव्हा जुनं गॉज जखमेला चिकटलेलं असतं. ते ओढायचं नाही, नाहीतर खालचं नवं मांस निघून येतं. सलाइन ओतायचं आणि भिजू द्यायचं, पाच-सात मिनिटं. त्या पाच-सात मिनिटांत माणसं बोलतात. मामा सांगतात, रात्री कुठे झोपले, पोलिसाने कितीदा उठवलं, जेवण वाटणारी गाडी आली की नाही. गेल्या भाद्रपदात एका शनिवारी मामा भिंतीला टेकून बसले होते, घामाने निथळलेले, बोलणं अडखळत होतं. आजूबाजूचे म्हणाले, पिऊन पडलाय. मशीनवर साखर मोजली तर फक्त 41, म्हणजे धोक्याइतकी खाली. सकाळी शुगरची गोळी घेतली होती, आणि त्या दिवशी जेवणाची गाडी आलीच नव्हती. गिळता येतंय ना हे पाहून साखरेचं पाणी पाजलं, दहा मिनिटांत मामा मला नावाने ओळखायला लागले. कोणी नसतं तर 'दारू पिऊन मेला' म्हणून मोकळे झाले असते सगळे.

पावसाळ्यात तर पाय कोरडा ठेवा हे सांगायलासुद्धा माझी जीभ रेटत नाही. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्या चिघळतात, त्यातून साचलेल्या पाण्यात चालणं होतं. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, त्याच वाटेने शरीरात जातो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने तो पाहिलाय. दर पावसाळ्यात सूचना येते की साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या. जो माणूस चारही महिने त्या पाण्याच्या काठावर झोपतो त्याने ते 72 तास कधीपासून मोजायचे?

आता बायकांचं. याबद्दल लिहायला मला सगळ्यात अवघड जातं आणि लिहायचं तर तेच आहे.

पुलाखाली एक आक्का आहेत, मूळच्या बीडकडच्या. स्टेशनच्या जिन्याशी बसून लिंबू-मिरच्या ओवतात आणि दुकानदारांना विकतात. साठी उलटलेली, सोबत बारा वर्षांची नात. हृदय कमजोर आहे, त्यामुळे अंगात पाणी साचतं. पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा घोट्यापर्यंत यायचा नाही. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. दवाखान्यात गेल्या होत्या, वहिनी. डॉक्टरांनी नीट तपासलं, ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, त्यात अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी. महिन्याने पाहिलं तर सूज वाढलेलीच. मी चिडून विचारलं, गोळ्या घेताय की नाही? आक्कांनी कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांमध्ये बाकीच्या गोळ्यांची पाकिटं रिकामी होती आणि त्या एका गोळीचं पाकीट अख्खं, एकही गोळी न फोडलेलं.

"त्या गोळीनं सारकं जावं लागतंय, सिस्टर," त्या म्हणाल्या. "दुपारपतुर पाच-सहा येळा. त्यो संडासवाला एका टायमाला पाच रुपये घेतोय. लिंबं इकून जे येतं ते मुतायलाच घालू का? आन्‌ रातच्याला तर कुलूपच."

31 वर्षं मी ही गोळी वाटली. वॉर्डात ती दिली की बेडपॅन द्यायचं किंवा संडासापर्यंत धरून न्यायचं, एवढं मला ठाऊक होतं. गोळीच्या मागोमाग दिवसाला 30 रुपयांचा खर्च येतो हे कोणी शिकवलं नव्हतं. मग इतर बायकांनाही विचारत गेले. बहुतेक जणी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवीची जळजळ, ताप, ओटीपोटात कळा, हे सगळं तिथून येतं, आणि आम्ही वरून सांगतो, भरपूर पाणी प्या. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, या अन्यायावर मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ उभी केली, ती उगीच नव्हे. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते तुम्ही बाई आहात, मी फोड करून सांगत नाही.

दुसरी एक जण सर्दीची गोळी परत करते. खाज इतकी की रक्त येईपर्यंत खाजवते, तरी खाजेचीही गोळी नको म्हणते, कारण त्या गोळ्यांनी झोप लागते. तिला गाढ झोप परवडत नाही. वयात आलेली मुलगी शेजारी झोपलेली असते.

आकडे विचाराल तर 2011 च्या जनगणनेत, फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री फिरून मोजले, तेव्हा देशात 17 लाखांवर बेघर माणसं निघाली, मुंबईत सुमारे 57 हजार. एका रात्रीत पुलाखालचं, फलाटावरचं, दुकानाच्या पायरीवरचं कोण किती सापडणार, याचा अंदाज तुम्हीच करा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं की शहरात दर लाख वस्तीमागे 100 माणसांचा एक निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास उघडा. त्या जनगणनेतली मुंबईची वस्ती 1 कोटी 24 लाख, म्हणजे 124 निवारे. शहर त्या आकड्याच्या जवळपासही पोचलेलं नाही.

मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले योजना आहे, पण तिथे रेशनकार्ड मागतात आणि रेशनकार्डाला पत्ता लागतो. एका कायद्याने मात्र हा गुंता सोडवलाय. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट म्हटलंय की बेघर मनोरुग्णाला दारिद्र्यरेषेचं कार्ड असो-नसो, उपचार मोफत मिळायला हवेत. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना उचलून, बरं करून घरी पोचवण्याचं काम कर्जतला डॉ. भरत वाटवानी करतात, त्यांना 2018 मध्ये मॅगसेसे मिळालं. कार्डाशिवायचा तो हक्क मनाला मिळतो, तर मामांच्या पायाला का मिळू नये, हे मला समजत नाही.

मला विचाराल की नेमकं काय हवं, तर मी खाटा मागेन. वॉर्डातल्या नव्हेत. दवाखान्यातून सुटलेला, पण रस्त्यावर झोपण्याइतका बरा न झालेला माणूस जिथे महिना-दोन महिने राहील अशा जागी. तिथे एक नर्स, दोन वेळचं जेवण, कुलपाचं कपाट आणि चोवीस तास उघडा संडास असला की झालं. बॉस्टन शहरात बेघरांसाठी 1985 पासून डॉक्टरांची वेगळी व्यवस्था चालते, तिथे अशा खाटा आहेत. पण बॉस्टनला कशाला जायचं? गाडगेबाबांची दशसूत्री आपल्या शाळेच्या भिंतीवर होती. त्यात 'बेघरांना आसरा' आणि त्याच्या लगेच खाली 'अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार'. लहानपणी पाठ म्हणून घोकलं. बाबांनी रुग्णालयाच्या आसपास धर्मशाळा बांधल्या, जे. जे.च्या पेशंटांसाठी बांधली, तेव्हा त्या दोन ओळी किती जवळच्या आहेत हे त्यांनी पाहिलेलं होतं. आजही परळला कॅन्सरच्या उपचारासाठी बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबं जागा नसली की फुटपाथवर झोपतात. घरदार, शेत मागे असलेली माणसं ती. आजाराने त्यांना मुंबईत बेघर केलं. त्यांच्यातल्या कित्येकांना दादरची बाबांच्या नावाची धर्मशाळा आसरा देते, पण येणारे फार आणि खोल्या थोड्या.

आक्कांचं सांगायचं राहिलं. शौचालय सांभाळणाऱ्या माणसाशी मी बोलायला गेले. आधी तो ऐकेना, मालकाला हिशेब द्यावा लागतो म्हणाला. गोळी काय करते ते त्याला समजावलं, त्याच्या आईलाही तीच गोळी चालू असल्याचं निघालं. महिन्याचे 600 रुपये ठरले, आक्कांनी कितीही वेळा यावं. रात्रीचं कुलूप अजून तसंच आहे, त्यासाठी अर्ज दिलाय. तीन आठवड्यांनी आक्कांनी पाय पुढे केला आणि चपलेचा पट्टा लावून दाखवला, शेवटच्या भोकात नाही, मधल्या भोकात.

पुलाखाली काम करणाऱ्या आमच्या गटाचा हिशेब तपासणाऱ्या भाऊंनी विचारलं, सिस्टर, हे 600 रुपये संडासाचे, मग औषधांच्या रकान्यात का लिहिलेत? मी म्हटलं, तिथेच राहू द्या.