आईची झोपेची गोळी सुटली ती अशी

"येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा," असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. आईचं वय चौऱ्याहत्तर. भाजीत मीठ दोनदा पडायचं, शेजारणीचं नाव ऐनवेळी आठवायचं नाही. "वय झालं" म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. मला ते पटत नव्हतं.

स्मरणशक्तीची तपासणी 30 गुणांची. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने परत सांगायचे. घड्याळ आईने नीट काढलं, शब्द मात्र दोनच आठवले. मग डॉक्टरांनी पिशवीतून अल्प्राझोलमची स्ट्रिप वर काढली. "आजी, ही कधीपासून?" बाबा गेले तेव्हापासून. थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी कुणी बंदच केली नव्हती.

या गोळीने झोप लागते, पण गाढ झोप कमी होते, आणि दिवसभरातल्या गोष्टी मेंदूत पक्क्या बसायला तीच लागते. वयाने ती आधीच घटलेली. शिवाय उतारवयात औषध शरीरातून सावकाश जातं, म्हणून सकाळीही गुंगी राहते, तोल जातो. वृद्धांनी शक्यतो टाळायच्या औषधांची 'बीअर्स' नावाची अमेरिकन यादी आहे, तिच्यात अशा गोळ्यांचा सगळा गटच आहे. विसरण्याचं आणखी काही कारण नाही ना, म्हणून बी-12 आणि थायरॉइडही तपासून घेतलं.

एकदम थांबवायची नाही, झटके येऊ शकतात, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं. आधी अर्धी, मग पाव, प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे. सुरीने पाव करताना भुगाच व्हायचा, शेवटी मेडिकलमधून पिल कटर आणला.

खरं अवघड गेलं ते अंथरुणाचं वेळापत्रक. आई साडेआठलाच आडवी व्हायची आणि मध्यरात्रीनंतर टक्क जागी. आता साडेदहाच्या आत पाठ टेकायची नाही, साडेपाचला उठायचंच, दुपारी फार तर अर्धा तास. झोप येत नसेल तर लोळत पडायचं नाही. मग ती मंद दिव्यात फुलवाती वळत बसायची. सुरुवातीचे आठवडे फार वाईट गेले. घाम, चिडचिड, "दे गं बाई ती गोळी" म्हणून विनवणी. आईला नाही म्हणताना जीव तुटायचा. त्या दिवसांत मी तिच्याच खोलीत झोपले.

दिवाळीच्या सुमारास गोळी पूर्ण सुटली. झोप सहा तासांचीच आहे, पण सकाळी ती तरतरीत असते. परवा दूधवाल्याने दोन लिटर जास्त लावले होते, ते तिने कॅलेंडरवरच्या खुणा मोजून पकडले. नावं अजून अडकतात. पुढच्या महिन्यात तीच तपासणी पुन्हा आहे.