अनुभव नाही, तरी परदेशात इंग्रजी शिकवायला घेतील का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न साधारण असा असतो: "पदवी आहे, इंग्रजी चांगलं आहे, पण आजवर एकही तास घेतलेला नाही. परदेशात इंग्रजी शिकवायची पहिली नोकरी मला कोण देईल?" विचारणाऱ्याचा सगळा जीव त्या 'पण'मध्ये अडकलेला असतो. मी बरीच वर्षं वर्गात काढली आणि आता शिक्षकांच्या मुलाखती घेते. अर्ज हातात आला की मी आधी पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे ते बघते, मग पदवी, मग कधीपासून रुजू होता येईल ते. अनुभवाचा रकाना त्यानंतर येतो.

कारण साधं आहे. वर्ग कसा घ्यायचा हे आम्ही नव्या माणसाला दाखवू शकतो. नियमात न बसणाऱ्याला व्हिसा मात्र कुठलीच शाळा मिळवून देऊ शकत नाही.

दक्षिण कोरियाचंच घ्या. तिथे इंग्रजी शिकवण्यासाठी लागणारा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यादीबाहेरचा माणूस दहा वर्षं शिकवत असला तरी अडतो आणि काल पदवी घेतलेला यादीतला तरुण आरामात जातो. करारांमुळे थोडे अपवाद झालेत. भारताशी २०१० पासून लागू असलेला करार त्यातलाच, पण त्या वाटेने जायचं तर शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता हवी. चीनचे नियमही मातृभाषा इंग्रजी असलेल्यांच्या बाजूने झुकलेले आहेत. पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, मात्र अनुभवाच्या जागी इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचं १२० तासांचं प्रमाणपत्र चालतं. म्हणजे ज्या अनुभवाची एवढी धास्ती वाटते त्याला नियमातच पर्याय दिलेला आहे. तिथला बाजार मात्र पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२१ च्या 'दुहेरी कपात' धोरणाने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावायची बंदी केली आणि लहान मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या कंपन्यांचा डोलारा काही महिन्यांत कोसळला. जुन्या माहितीवर विसंबून तिकडचे बेत आखणारे अजूनही भेटतात.

जपानचा नियम मला सगळ्यांत रंजक वाटतो. खासगी संभाषण वर्गांतले शिक्षक ज्या प्रकारच्या व्हिसावर जातात, त्याला एरवी तीन वर्षांचा अनुभव लागतो. काम भाषा शिकवण्याचं असेल आणि माणूस पदवीधर असेल, तर ही अट लागूच होत नाही. मात्र इंग्रजी मातृभाषा नसलेल्याकडे बऱ्याचदा बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा मागतात. शाळेचे जुने दाखले जपून ठेवले असतील तर ते इथे उपयोगी पडतात.

व्हिएतनाम आणि थायलंड ही यादीबाहेरच्या पासपोर्टवाल्यांसाठी जास्त खुली दारं. व्हिएतनाममध्ये पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांच्या जोरावर वर्क परमिट मिळतं. थायलंडमध्ये शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर शाळा शिक्षक परिषदेकडून तात्पुरती परवानगी काढते, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोईक किंवा आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मागितले जातात. आखाती देशांतल्या चांगल्या शाळांचा विचार पहिल्या नोकरीसाठी करूच नका. त्यांना शिक्षणशास्त्राची पदवी आणि वर्गातली काही वर्षं, दोन्ही हवं असतं.

आता प्रमाणपत्राचं. '१२० तास' हा आकडा सगळीकडे दिसतो, पण तो छापणाऱ्यांवर जगभरात मिळून एक अशी कुठलीच संस्था लक्ष ठेवत नाही. घरबसल्या चार संध्याकाळी क्लिक करत मिळवलेलं प्रमाणपत्रही १२० तासांचंच म्हणवतं. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्टटेसॉल या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमांची गोष्ट वेगळी: दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी ते बघत असतं. ते सहा तास हाच तुमचा पहिला अनुभव. पैसे जास्त लागतात, चार आठवडे झोप उडते, तरी परवडत असेल तर मी हाच रस्ता सांगते. सेल्टाची परंपरा अगदी नवख्यांसाठीच सुरू झाली. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या जोडप्याने १९५३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबात भाषाशाळा काढली होती. आपल्या शाळांसाठी तयार शिक्षक मिळेनात, तेव्हा १९६२ मध्ये लंडनला त्यांनी एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला. आजचा सेल्टा त्याच वाटेने आला. परवडत नसेल तर स्वस्त ऑनलाइन कोर्स करा, व्हिसापुरतं ते भागतं, पण शिकवायचा सराव वेगळा मिळवा. निर्वासितांना किंवा नव्याने आलेल्या स्थलांतरितांना भाषा शिकवणाऱ्या संस्था, वाचनालयातले संभाषण गट, ऑनलाइन एकास एक तास, काहीही चालेल. अर्जात 'शिकवण्याची आवड आहे' असं लिहू नका. सगळेच लिहितात. 'प्राथमिक स्तरावरच्या सहा प्रौढांना आठवड्यातून दोनदा, तीन महिने' असं लिहिलंत की मी थांबून वाचते.

अनुभवाची खरी परीक्षा होते ती डेमोत. दहा-पंधरा मिनिटं शिकवून दाखवा असं आम्ही सांगतो आणि नवखा उमेदवार हटकून व्याकरण समजावून द्यायला लागतो. बोर्डवर नियम, काळाचं लांबलचक नाव, दोन उदाहरणं आणि शेवटी "समजलं का?" कुठल्याही देशातल्या वर्गात याचं उत्तर 'हो' असंच येतं, आणि त्या 'हो'ला काही अर्थ नसतो.

समजा 'आय हॅव लॉस्ट माय कीज' शिकवायचंय. बंद दारासमोर खिसे चाचपणारा माणूस दाखवा, चित्रात नाहीतर स्वतःच अभिनय करून. वाक्य वर्गाकडूनच येतं का ते बघा, नाही आलं तर द्या, दोनदा म्हणून घ्या. मग विचारा: किल्ल्या आता त्याच्याकडे आहेत का? कधी हरवल्या ते आपल्याला माहीत आहे का? त्याने काही फरक पडतो का? एका शब्दात उत्तर येईल असे हे प्रश्न आहेत, आणि कुणाच्या डोक्यात गोंधळ आहे ते त्यातूनच कळतं. त्यानंतर प्रत्येकाने स्वतःबद्दल खरं वाक्य करायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं. तुम्ही गप्प बसून ऐकायचं. हे गप्प बसणं नवख्याला सर्वांत जड जातं. पंधरापैकी आठ-दहा मिनिटं विद्यार्थी बोलत राहिले, तर मी त्या उमेदवाराच्या नावापुढे खूण करते, त्याचे उच्चार कुठल्याही देशाचे असोत. ('फक्त नेटिव्ह स्पीकर' अशी जाहिरात करणाऱ्यांशी माझं या बाबतीत जमत नाही. जी भाषा आपण स्वतः कष्टाने शिकलो, तिच्यातले खड्डे आपल्याला ठाऊक असतात.)

आणखी एक, हे कुणी सांगत नाही: कागद वाटायच्या आधी सूचना द्या. कागद हातात पडला की कान बंद होतात. सूचना दिल्यावर "कळलं ना?" विचारण्यापेक्षा "एकट्याने करायचं की जोडीने?" असं विचारा.

नोकरी मिळाली की हुरळून करार न वाचता सही करणारे खूप. 'आठवड्याला २५ तास' म्हणजे वर्गातले २५ की शाळेतल्या हजेरीचे, हे लेखी विचारा. वर्गात २५ तास असतील तर नवख्याला तयारी धरून चाळीसच्या पुढे सहज जातात. सकाळी दोन तास आणि मग थेट संध्याकाळचे चार अशी विभागलेली पाळी आहे का? विमानाचं भाडं आधी मिळणार की करार संपल्यावर? मध्येच सोडलं तर काय कापणार? मूळ पासपोर्ट 'सुरक्षिततेसाठी' ठेवून घेणारी शाळा तिथल्या तिथे नाकारा. नोंदणीसाठी तुमच्याकडे पैसे मागणारा एजंटही. एजंटचे पैसे साधारणपणे शाळा देते.

"आधी टूरिस्ट व्हिसावर या, मग बघू" हे वाक्य फार गोड आवाजात येतं. परमिटशिवाय शिकवताना पकडलं तर दंड, हद्दपारी आणि पुढच्या व्हिसा अर्जांवर डाग हे तुमच्या वाट्याला येतं. तुम्हाला बोलावणाऱ्याचं काय होतं ते त्याच्या ओळखींवर अवलंबून.

वेळेचं गणितही आहे. जपानमध्ये शाळा एप्रिलला सुरू होतात, कोरियात मार्चला, थायलंडमध्ये मेच्या मध्याला, चीनमध्ये सप्टेंबरला. त्याआधी तीन-चार महिने जाहिराती येतात. भाषा केंद्रं वर्षभर माणसं घेतात. पदवीचं साक्षांकन आणि पोलिसांचा दाखला यांना आठवडे लागतात. दाखला फार जुना चालत नाही, म्हणून पदवीचं काम आत्ता उरकून घ्या आणि दाखल्याचा अर्ज देश ठरल्यावरच करा.

दोन ठिकाणांहून बोलावणं आलं तर काय, असंही विचारता. दोन्हीकडे एकच प्रश्न करा: पहिल्या महिन्यात माझा वर्ग बघायला कोण येणार? एका ठिकाणी उत्तर येईल, "गरज नाही, आमचा तुमच्यावर विश्वास आहे." दुसरीकडे कुणाचं तरी नाव सांगतील, ती व्यक्ती दर आठवड्याला येते म्हणतील, आधीच्या वर्षी रुजू झालेल्या शिक्षकाचा नंबर देतील. पगार थोडा कमी असला तरी पहिल्या नोकरीसाठी मी दुसरीकडे जाईन, आणि जायच्या आधी त्या शिक्षकाला फोन करून विचारीन की पगार तारखेला होतो का.