मार्मलेड नक्की कशाचं?

लिस्बनच्या किराणा दुकानात ‘मार्मेलादा’ मागितला, तर विटकरी रंगाची घट्ट वडी समोर येते. ती सुरीने कापायची आणि खारट चीजबरोबर खायची. हाच शब्द लंडनमध्ये उच्चारला, तर कडू संत्र्याच्या सालीच्या कातरणीने भरलेली बरणी मिळते. बर्लिनमध्ये न्याहारीला ‘मार्मेलाड’ पुढे करा म्हटलं, तर ती बहुधा स्ट्रॉबेरीची निघते. मॉस्कोत ‘मार्मेलाद’ म्हणजे साखरेत घोळवलेल्या जेलीच्या वड्या. चौघांनाही आपलंच मार्मलेड खरं वाटतं आणि गंमत म्हणजे चौघांचंही थोडंथोडं बरोबर आहे.

संत्र्याचा मुळात काही संबंधच नव्हता. पोर्तुगीजमध्ये ‘मार्मेलु’ म्हणजे क्विन्स. सफरचंद-नासपतीच्या कुळातलं, पिवळंधमक, अंगावर लव असलेलं, वासाने खोली भरून टाकणारं आणि कच्चं खाल्लं तर तोंड आवळून टाकणारं हे फळ. महाराष्ट्रात ते बाजारात दिसत नाही, पण त्याच्या बिया काष्ठौषधींच्या दुकानात ‘बिहीदाणा’ म्हणून मिळतात. ‘मार्मेलु’ आला लॅटिन ‘मेलिमेलुम’वरून आणि तो ग्रीक ‘मेलीमेलोन’वरून. मेली म्हणजे मध, मेलोन म्हणजे सफरचंद. एका शब्दात दोनदा ‘मेल’ म्हणणं जिभेला जड जातं, म्हणून पोर्तुगीजांनी पहिल्या ‘ल’चा ‘र’ करून टाकला. याला विषमीकरण म्हणतात. संस्कृत ‘लांगल’चा मराठीत ‘नांगर’ झाला, तोही असाच, दोन ‘ल’ जवळजवळ नकोसे झाल्यामुळे. स्पॅनिशमध्ये त्याच लॅटिन शब्दाचं ‘मेंब्रियो’ झालं. मग शेजारच्या पोर्तुगीजांकडून ‘मेर्मेलादा’ उसना आला, तो कुठल्याही फळाच्या जॅमसाठी. आज स्पॅनिश माणसाला मेंब्रियो आणि मेर्मेलादा एकाच घरातले आहेत हे सांगावं लागतं.

मार्मेलादा करायचा तो असा. क्विन्स लव पुसून, चिरून, पाण्यात मऊ शिजवायचे. फळ दगडासारखं असतं, त्यामुळे पाऊण तास सहज लागतो. मग चाळणीतून गाळून एक किलो गराला ८०० ग्रॅम ते एक किलो साखर घालायची आणि मंद आचेवर ढवळत बसायचं. उलथन्याने रेघ ओढली की भांड्याचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. साखर आधीच, फोडी कच्च्या असतानाच घातली तर त्या मऊ होत नाहीत, चिवट राहतात. आच मोठी ठेवली तर तळ लागतो आणि गर फटाफट उडून हात भाजतो. फिकट पिवळा गर शिजता शिजता तांबडा होतो, तो कुठल्याही रंगाशिवाय. तोंड आवळणारी टॅनिनसारखी जी द्रव्यं फळात असतात, त्यांच्यापासून उष्णता आणि आंबटपणामुळे तांबडी रंगद्रव्यं तयार होतात. म्हणजे जो तुरटपणा खाताना नडत होता, तोच शेवटी रंग देतो. थाळीत ओतून दोन-चार दिवस वाळवलं की वडी पडते.

पोर्तुगीज गोव्यात आले, तेव्हा ‘मार्मेलादा’तला ‘-आदा’ (‘...पासून केलेलं’) हा प्रत्यय घेऊन आले. क्विन्स मात्र इथे नव्हता. ब्राझीलकडून आलेला पेरू हाताशी होता, आणि क्विन्ससारखंच पेरूतही पेक्टिन, म्हणजे शिजलेला गर घट्ट जमवणारं द्रव्य, भरपूर. त्याची झाली ‘पेराद’. पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजे नासपती, पण कोकणीत ‘पेर’ म्हणजे पेरू. आंब्याची झाली ‘मांगाद’. आपणही ‘आवळ्याचा मुरांबा’ म्हणताना त्यात आंबा शोधायला जात नाहीच.

इंग्लंडात ही वडी लाकडी पेट्यांतून आयात व्हायची. १५२४ मध्ये आठव्या हेन्रीला एक्सेटरच्या हल नावाच्या गृहस्थाने अशी एक पेटी भेट दिल्याची नोंद आहे. ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी, कारण स्कॉटलंडची राणी मेरी आजारी असताना तिच्यासाठी हा पदार्थ केला आणि फ्रेंच ‘मारी मालाद’, म्हणजे ‘आजारी मेरी’, यावरून नाव पडलं, ही कथा अजून मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. मेरीचा जन्म १५४२ चा! शब्दांच्या गोड कथांकडे तारखा घेऊनच जावं.

इंग्रजांनी मग क्विन्सऐवजी इतर फळं घालून पाहिली. १६७७ च्या एका हस्तलिखितात संत्र्याच्या मार्मलेडची कृती आहे, पण तीही घट्टच. पावाला फासण्याइतकं पातळ, सालीच्या कातरणीचं मार्मलेड रूढ केलं ते अठराव्या शतकातल्या स्कॉटिश लोकांनी. डंडीच्या किलर कुटुंबाने १७९७ मध्ये धंदा मांडला तेव्हा पदार्थ जुनाच होता. त्यांनी शोध लावला असं म्हणणं ही जाहिरात.

यासाठी गोड संत्रं चालत नाही. सेव्हिलचं कडू नारिंग लागतं, आणि ते बाजारात येतं जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. एक किलो नारिंगाला सुमारे दोन किलो साखर, दोन-अडीच लिटर पाणी आणि एका लिंबाचा रस. बिया आणि आतला पांढरा भाग मलमलच्या पुरचुंडीत बांधून त्याच पाण्यात सोडायचा, कारण पेक्टिन तिथेच जास्त. साल बोटांत सहज चुरेपर्यंत, दीड-दोन तास शिजू द्यायची. साखर त्यानंतरच. मिश्रण १०४-१०५ अंशांवर पोचलं की गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली की आच बंद. पुढे उकळत राहिलात तर पेक्टिन तुटतं आणि हाती येतो चिकट पाक. उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच बरण्या भरायच्या, नाहीतर सगळी साल वर तरंगते आणि खाली नुसती जेली उरते.

या फळाच्या नावाचा प्रवास तर आपल्या दारातून गेलेला. संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबीतून स्पॅनिश ‘नारांखा’ झालं आणि फ्रेंचपर्यंत जाताना सुरुवातीचा ‘न’ गाळून ‘ओरांज’. ग्रीकांनी कडू फळाला ‘नेरान्द्झी’ हेच नाव ठेवलं. पुढे गोड संत्रं आणलं ते पोर्तुगीजांनी, म्हणून त्याला म्हणतात ‘पोर्तोकाली’.

फ्रेंचांनी मार्मलेडमधून निव्वळ ‘शिजून लगदा झालेलं’ एवढंच घेतलं. मारामारीत नाकाचा ‘मार्मलाद’ होतो तो त्यांच्याकडे. ब्राझीलमध्ये आधीच ठरवून खेळलेल्या सामन्याला मार्मेलादा म्हणतात.

एवढ्या फिरत्या शब्दाला कायद्याने बांधायला निघालं की काय होतं, हे युरोपने पाहिलं. युरोपीय समुदायाच्या १९७९ च्या निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांना बांधील असलेल्या नियमाने, हे नाव लिंबूवर्गीय फळांसाठी राखून ठेवलं, ब्रिटिश अर्थाने. किलोभर मार्मलेडमध्ये किमान २०० ग्रॅम फळ हवं, हेही ठरलं. (याच घराण्यातल्या २००१ च्या निर्देशात जॅमपुरतं गाजर हे फळ धरलं आहे.) जर्मन कारखानदार बरण्यांवर ‘कोन्फितुरं’ लिहू लागले, लोक ‘मार्मेलाड’च म्हणत राहिले. २००३ मध्ये ऑस्ट्रियात, जर्दाळूंसाठी प्रसिद्ध असलेल्या वाखाऊ खोऱ्यात यावरून एवढा गदारोळ झाला, की पुढच्याच वर्षी आठवडी बाजारांपुरती सूट द्यावी लागली. २०२४ च्या दुरुस्तीने हे नाव कुठल्याही फळाच्या जॅमला देण्याची मुभा सदस्य देशांना दिली आणि लिंबूवर्गीयांना ‘सिट्रस मार्मलेड’ ठरवलं. अंमलाची तारीख १४ जून २०२६.

खरी अडचण पोर्तुगीज अनुवादकांची होती. ‘मार्मेलादा फक्त संत्र्या-लिंबाचा’ असं आपल्याच भाषेत लिहिलं असतं, तर क्विन्सची वडीच बेकायदा ठरली असती. म्हणून पोर्तुगीज मसुद्यात ब्रिटिश बरणीसाठी वेगळाच शब्द आहे, ‘सित्रिनादा’.