दुसऱ्या देशात नेता न येणारा गुन्हा

परभाषेतला क्राइम थ्रिलर बघण्यासारखा आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, असं मला बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मी एकच गोष्ट बघते: हीच कथा उचलून दुसऱ्या देशात ठेवली तर चालेल का? सहज चालत असेल, तर तो सिनेमा बघायचा राहिला तरी काही बिघडत नाही. पाठलाग, गोळीबार आणि शेवटचा धक्का कुठल्याही भाषेत मिळतो.

दिग्दर्शक बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) घ्या. दक्षिण कोरियातल्या ह्वासाँगमध्ये १९८६ ते १९९१ दरम्यान बायकांचे एकामागून एक खून झाले, त्यावरचा हा सिनेमा. शेतात प्रेत सापडतं. मातीत बुटाचा ठसा आहे, तो वाचवायला डिटेक्टिव्ह जिवाच्या आकांताने ओरडतोय, बघे जमलेत, पोरं हुंदडतायत, आणि एक ट्रॅक्टर त्या ठशावरूनच निघून जातो. सगळं एका सलग शॉटमध्ये.

पुढे कळत जातं की तपास फसतोय तो खुनी फार हुशार आहे म्हणून नाही. देशात हुकूमशाही आहे. खून होणार अशी धास्ती असलेल्या रात्री पोलीस कुमक मागतात, तर जवान निदर्शनं चिरडायला गेलेले. डीएनए तपासायचा तर नमुना अमेरिकेला पाठवावा लागतो. हाती काहीच नसलं की संशयिताला बडवून कबुली घ्यायची.

शेवटी डिटेक्टिव्ह थेट कॅमेऱ्यात बघतो, कारण खुनी प्रेक्षकांत बसलेला असू शकतो. (शेवट सांगितला, पण तो माहीत असूनही सिनेमा तितकाच लागतो.) खरा खुनी २०१९मध्ये डीएनएवरून सापडला. दुसऱ्या एका खुनासाठी तो आधीपासूनच जन्मठेप भोगत होता, आणि जुन्या खुनांसाठी खटला भरायची मुदत संपून गेली होती. त्यातल्याच एका खुनापायी भलत्याच माणसाने २० वर्षं तुरुंगात काढली. २०२०मध्ये तो निर्दोष ठरला. तेव्हापासून सिनेमातली ती मारझोड मला बघवत नाही.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या 'हाय अँड लो'मध्ये (१९६३) एका उद्योगपतीचा मुलगा समजून ड्रायव्हरच्या मुलाला पळवलं जातं. मालकाचं घर योकोहामाच्या टेकडीवर, आणि खाली उकाड्यात शिजणारी वस्ती. त्या वस्तीतून वर बघणाऱ्या माणसाच्या मनात काय साठतं, हे कळलं की गुन्ह्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. खंडणी द्यायची युक्तीसुद्धा तिथल्या एक्स्प्रेस गाडीवर बेतलेली: पैसे धावत्या गाडीतून फेकायचे, पण बाथरूमची खिडकी ७ सेंटिमीटरच उघडते, म्हणून पैशांच्या बॅगाही त्याहून जाड नकोत.

एक मात्र ऐका, डब केलेली आवृत्ती लावू नका. फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' या जर्मन सिनेमात (१९३१) आंधळा फुगेवाला खुन्याला ओळखतो ते त्याच्या शिट्टीवरून. या प्रकारात कान फार महत्त्वाचे असतात. माणूस घाबरून बोलतोय की खोटं बोलतोय, हे भाषा येत नसली तरी आवाजात कळतं. सबटायटल्सची सवय होते.

सुरुवात कुरोसावांपासून करा. कोरियन सिनेमा मात्र अशा रात्री लावा, जेव्हा नंतर कुणाशी तरी बोलत बसता येईल.